सासूबाईंच्या झोपेचा परवाना

एक साधा अर्ज करून विचारून घ्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. लोक दारूने बिघडतात, मटक्याने बिघडतात, वाईट संगतीने बिघडतात. मी अर्जाने बिघडलो. आणि एकटा बिघडलो असतो तर गोष्ट वेगळी. त्या एका अर्जापायी मी सासूबाईंच्या तेहतीस रात्रींच्या झोपेचं खोबरं केलं, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. (मला वाईट वाटतं हे सुविधाला, म्हणजे माझ्या बायकोला, पटत नाही. वाईट वाटणारा माणूस इतका भात खात नाही, असं तिचं म्हणणं.)

मी गोकुळदास, राहणार नार्वे, तालुका डिचोली. एका सरकारी खात्यात परवाना विभागात एकतीस वर्षं कारकून आहे. खातं कुठलं ते विचारू नका, पेन्शन अजून व्हायची आहे. एकतीस वर्षांत मला एक विद्या मात्र साधली. समोर आलेल्या कागदाला कुठला कागद जोडलेला नाही, हे मी पहिला कागद न वाचताच सांगतो.

सासूबाई म्हणजे पार्वती, सिंधुदुर्गातल्या आरोंद्याच्या. आयुष्यभर वाकून भाताची लावणी केली, आणि ते वाकणं आता म्हातारपणी कंबरेत येऊन बसलं. दोन वर्षांमागे त्या आमच्याकडे राहायला आल्या. दिवसा अगदी ठणठणीत. मासे साफ करायच्या, पाववाल्या पोदेराशी उंड्या पावाच्या आकारावरून भांडायच्या, दुपारी शेजारच्या गंगाबाय आल्या की दोघी सोप्यावर बसून सुपारी कातरत अख्ख्या गावाची खबर घ्यायच्या. पण आडव्या पडल्या की कंबरेतून पायापर्यंत कळ जायची. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. सकाळी विचारलं की म्हणायच्या, "लागली वायच निज." डोळे बघितले की कळायचं, ते खोटं आहे.

शेवटी सुविधा त्यांना डिचोलीला वैद्य श्रद्धाबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासलं, चिठ्ठी लिहिली: विजया तेल, रात्री जेवल्यावर जिभेखाली तीन थेंब. सुविधाने ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवली, दुकानदाराने वहीत नाव लिहून घेतलं आणि बाटली दिली. इथे गोष्ट संपली असती. सासूबाई जेवल्या असत्या, तीन थेंब घेतले असते, झोपल्या असत्या. पण मी घरी होतो, आणि मला छापलेलं काहीही दिसलं की वाचायची खोड आहे.

"सुविधा," मी खोका वाचत म्हटलं, "ही विजया कोण, तुला माहीत आहे?"

आमटी ढवळणारा डाव थांबला. "तुमच्या हापिसातली?"

"बाटलीतली. विजया म्हणजे भांग. भांग म्हणजे गांजाची थोरली बहीण."

"थोरलेन निज दिल्यान काय नि धाकटेन," सासूबाई पाटावरून म्हणाल्या, "माका काय करूचा आसा? माका निज व्हयी."

"आई, हे सरकारी नोकराचं घर आहे. उद्या कोणी विचारलं तर?"

"तर सांगायचं," सुविधा म्हणाली, "की नोंदणी केलेल्या वैद्यांनी चिठ्ठी दिली, लायसनवाल्या दुकानदाराने औषध दिलं. आणखी काय व्हयां?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मलाही ते आतून ठाऊक होतं. पण 'चालतं' हे एक, आणि 'चालतं' असं सहीशिक्क्याने लिहून मिळणं हे दुसरं. पहिल्याने लोकांना झोप येते. मला दुसरं लागतं. मी म्हटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, अर्ज करतो, उत्तर आलं की थेंब सुरू. तोवर बाटली सुरक्षित ठेवू.

सुरक्षित म्हणजे मी ती खाकी पाकिटात घातली, समईवर लाख वितळवून पाकीट सील केलं (समईला लाख लागली, ती अजून निघालेली नाही) आणि लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं. त्याचा छोटासा पंचनामा केला. साक्षीदार म्हणून सुविधाने सही करायला साफ नकार दिला. मग मी कागद सासूबाईंपुढे धरला. त्या चौथी शिकलेल्या. चष्मा लावून, एकेक अक्षर जोडत त्यांनी 'पार्वती' अशी सही केली. स्वतःच्याच औषधाच्या जप्तीवर.

"तुमी सांगतास म्हणान केलंय," पेन परत देत म्हणाल्या. "पण ह्येच्यानंतर माका निज येतली मा?"

"येतली, येतली," मी म्हटलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तो बघायचं मी टाळतो.

अर्ज मात्र झकास झाला. 'विषय: अर्जदाराच्या सासूबाईंस विजया तेलाचे तीन थेंब देण्यास परवानगी मिळणेबाबत.' आमच्याच खात्याच्या मुख्य कार्यालयात रीतसर पाठवला. आठव्या दिवशी टेबलावर फायलींचा गठ्ठा आला, त्यात वरचीच फाईल ओळखीची वाटली. अक्षरही ओळखीचं वाटलं. वर आमच्या तुषारसाहेबांचा शेरा होता: 'तपासून अभिप्राय द्यावा.'

माझाच अर्ज माझ्याकडे तपासायला आला होता.

दुसरा कोणी असता तर त्याने डोळे मिटून 'हरकत नाही' लिहिलं असतं. पण घरचं काम म्हणून सवलत दिली असं उद्या कोणी म्हणायला नको. मी चष्मा पुसला, अर्जदार कोण ते विसरलो आणि अर्ज वाचला. खोटं कशाला सांगू, अर्जात चार त्रुटी निघाल्या. सदर स्त्री ही अर्जदाराची सासूच असल्याचा पुरावा नाही. वयाचा दाखला नाही. सासू परराज्यातली, तिच्या वास्तव्याचा उल्लेख नाही. प्रती कमी. त्रुटीपत्र लिहिलं, जावक नोंदवलं, पोस्टाने पाठवलं. चार दिवसांनी ते आमच्या घरी पोचलं आणि सुविधाने फोडलं.

"सासूच असल्याचा पुरावा द्यावा," तिने मोठ्याने वाचलं. "अहो, असला लिवणारा माणूस घरात कसा वागत असतलो?"

मी सही दाखवली नाही. तिने बघितलीच. त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण ताट माझ्याकडे सरकवलं नाही.

पुराव्यासाठी लग्नाचा अल्बम काढला. त्यात सासूबाईंचा एकच फोटो मिळाला, तोही पाठमोरा. लग्नभर त्या वाढपावर होत्या. सासूबाई तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "तवा बरा वाकाक येय होता माका." फोटो साक्षांकित करायला फुली कुठे मारावी ते मी बघत होतो, म्हणून तेव्हा माझं त्या बोलण्याकडे लक्ष गेलं नाही. आता मात्र जेवताना मध्येच आठवतं.

फाईल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दरम्यान मी अभ्यास वाढवला. गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीला परवानगी द्यावी की नाही, यावर मागे पेपरवाल्यांनी रकानेच्या रकाने भरले होते. ते शोधायला मी मोबाईल उघडला, तर त्याने मला थेट अमेरिकेत नेऊन सोडलं. तिथे म्हणे राज्यागणिक कायदा वेगळा. रुग्णाला कार्ड. त्याची देखभाल करणाऱ्याला वेगळं कार्ड. औषध देणाऱ्या दुकानाला तिथे डिस्पेन्सरी म्हणतात, तिला लायसन. आणि काही ठिकाणी तर ती डिस्पेन्सरी शाळेपासून हजार फुटांच्या आत असता कामा नये.

हे वाचून मी जनेलातून बाहेर बघितलं. समोर शाळा दिसत होती. पोरं सत्तावीसचा पाढा चुकीचा म्हणत होती, तोही स्पष्ट ऐकू येत होता.

"ता अमेरिकेत," सुविधा म्हणाली. "आपण नार्व्यात ऱ्हवतो. आणि आपला दुकान खय आसा?"

"औषध ठेवलंय म्हणजे एक प्रकारे दुकानच. तत्त्व तेच."

"मग काय आईक हजार फूट लांब नेवन ठेवतलास?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी म्हटलं, आधी अंतर तर मोजू. रविवारी सकाळी लांब टेप घेऊन मी आमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत मोजत निघालो. (तीनशे चाळीस फूट. वाटेतली गाय उठली नाही, तिच्यामुळे एखादा फूट जास्त असेल.) एवढ्यात स्कूटरवरून शांताराम आले. शांताराम आमच्या वाड्याचे, म्हणजे वस्तीचे, पंच.

"गोकुळदासबाब, हें कितें मेजतात?"

आता मी नुसतं 'जमीन' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी नेमकं बोलणारा माणूस. मी म्हटलं, "डिस्पेन्सरीचं अंतर."

आमच्याकडे डिस्पेन्सरी म्हणजे सरकारी दवाखाना. एक डॉक्टर, एक नर्स, तापाच्या गोळ्या, गरोदर बायांची तपासणी. गावच्या वाड्यावर तो मिळावा म्हणून शांतारामांनी किती निवेदनं दिली होती त्याला गणती नाही. आणि परवाना विभागातला माणूस टेप घेऊन अंतर मोजतोय म्हटल्यावर त्यांना दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? संध्याकाळी दहा-बारा माणसं नारळ आणि अबोलीची माळ घेऊन अंगणात आली.

"देव बरें करूं तुमचें," शांताराम म्हणाले. "गांवाक डिस्पेन्सरी हाडली तुमी."

माळ माझ्या गळ्यात पडली. सासूबाई दारात उभ्या होत्या. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. "माझ्या जावयान दवाखानो हाडल्यान," असं त्या गंगाबायना सांगत होत्या. मी गप्प बसून एक चहा पाजला असता तर काय बिघडलं असतं? चार महिन्यांनी लोक विसरले असते. पण सरकारी माणसाने चुकीच्या समजुतीवर माळ घालून घेणं मला पटेना. मी उभा राहिलो आणि खुलासा केला, "मंडळी, ही ती डिस्पेन्सरी नव्हे. ही गांजाची."

पुढचा खुलासा मी फार मुद्देसूद तयार केला होता. तो कोणी ऐकला नाही. शांतारामांनी आणलेला नारळ शांतपणे परत उचलला. माळ मात्र राहिली, कारण ती काढून घ्यायला कोणी जवळ आलं नाही.

दोन दिवसांत गोकुळदास गांजाचं दुकान घालतो ही बातमी पार पेडणे तालुक्यात गेली. मोरजीहून दोन गोरे एका मोटारसायकलवर पत्ता विचारत आले. मी ऑफिसात होतो. सासूबाईंना वाटलं, पोरं उन्हातून आलीत, दमलीत. त्यांनी दोघांना कोप, म्हणजे पेला, भरून सोलकढी दिली. गोऱ्यांनी ती औषध समजून तीन तीन कोप घेतली, अर्धा तास डोळे मिटून बसले आणि फार बरं वाटतंय असं खुणेने सांगून गेले.

हे सगळं सांगताना लोक हसतात. मीही हसतो. पण गंगाबाय यायच्या बंद झाल्या, ते सांगताना हसू येत नाही. त्यांच्या सुनेने बजावलं होतं, त्या घराची पायरी चढायची नाही. सासूबाई दुपारी सोप्यावर बसायच्या, सवयीने दोघींपुरती सुपारी कातरायच्या, आणि चार वाजले की अर्धी तशीच डब्यात परत भरायच्या. रात्री झोप नव्हती ती नव्हतीच, आता दिवसाची सोबतही मी घालवली. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मी त्रुटी काढून उत्तर तरी दिलं असतं.

एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्या भागात देवाला असंच सगळं मोठ्याने सांगतात आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी बाहेरच्या खोलीत फायलीची टिपणं काढत होतो.

"बा देवा सप्तकोटेश्वरा म्हाराजा."

"होय म्हाराजा," सुविधा म्हणाली.

"ह्या जावयान जा काय केल्यान ता भियान केल्यान, वायटपणान करूक नाय रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." (इथे सुविधाला थोडा वेळ लागला.)

"तेच्या त्या कपाटाक सुबुद्धी दी, आणि माका वायच निज दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सुविधा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली होती, कपाट चार पावलांवर होतं. मी उठलोही. पण सील तोडायचं तर त्याचा पंचनामा कोण लिहिणार, या विचाराने परत बसलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कुठली असं कोणी विचारलं, तर ते बसणं.

चौतिसाव्या दिवशी माझी मेव्हणी सोनाली आणि तिचा नवरा अनंत गाडी घेऊन आले. ते तुयेला राहतात, अनंत तिथल्याच वसाहतीत कारखान्यात कामाला आहे. सुविधाने त्यांना फोन केला होता, मला न विचारता. सासूबाईंचं बोचकं आधीच बांधलेलं होतं.

"वायच दिस ऱ्हवान येतंय," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या अर्जाचा उत्तर इला की सांगा. मी परत येतंय."

हे त्या टोमणा म्हणून म्हणाल्या नाहीत. त्यांना खरोखर वाटत होतं की मी त्यांच्यासाठी काहीतरी मोठं काम करतोय. गाडी वळली तेव्हा त्यांनी काचेतून हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनालीचा फोन आला. अनंतने चिठ्ठी घेऊन पेडण्याच्या दुकानातून नवी बाटली आणली होती. (अनंत खोके वाचत नाही.) तीन थेंब दिले. सासूबाई सहा तास झोपल्या, आणि उठल्यावर आपण कुठे आहोत तेच त्यांना कळेना, इतकी गाढ झोप. सुविधाने फोन ठेवला, भाकऱ्या केल्या, एक जास्त झाली. ती जास्तीची भाकरी तिने माझ्या ताटात टाकली आणि मी ती खाल्ली.

एकेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं. 'नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीवर परवानाधारक दुकानातून घेतलेल्या औषधासाठी रुग्णास वेगळ्या परवानगीची आवश्यकता नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' पहिल्या दिवशी हातात डाव धरून सुविधा जे बोलली, तेच. फक्त तिला त्यासाठी एक मिनिट लागलं होतं. त्या पत्राची स्वच्छ प्रतही मीच काढली होती.

सुविधाने पत्र वाचलं, कपाट उघडायला लावलं आणि सीलबंद पाकीट माझ्या हातात दिलं. "जावा तुयेक. आईची माफी मागा. घेऊन येवा तिका."

रविवारी दुपारी मी तुयेला पोचलो. सासूबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. चेहरा भरलेला, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. मला बघून इतक्या आनंदल्या की मला आणखीनच मेल्यासारखं झालं. "इलास? उत्तर इला?"

"आलं, आई." मी खुर्ची ओढून जवळ बसलो. माफी मागायची होतीच. पण एकदम माफी कशी मागणार, आधी पार्श्वभूमी समजायला हवी. म्हणून मी मूळ कायद्यापासून सुरुवात केली. त्यात गांजा कशाला म्हणतात, पान कशाला म्हणतात, शेंड्याचं काय, पानाचं काय. मग औषधाचे नियम. मग माझा अर्ज, त्यातल्या चार त्रुटी, त्यांची पूर्तता. तिसऱ्या त्रुटीपाशी दम घ्यायला मी थांबलो आणि वर बघितलं.

सासूबाई गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेवरून खाली लोंबलेला.

"थेंब दिलेत?" मी हळूच विचारलं.

"थेंब रात्री," अनंत म्हणाला. "आता दुपारचे तीन वाजलेत."

"भावोजी, आई दुपारची कधी निजना नाय," सोनाली दारातून म्हणाली. तिच्या तोंडावर पदर होता. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

तेहतीस रात्री त्या भिंतीच्या पलीकडे जाग्या होत्या, आणि मी अलीकडे कायदा वाचत बसलो होतो. मनातल्या मनात. मोठ्याने वाचला असता तरी काम झालं असतं. मी पाकीट हळूच टेबलावर ठेवलं आणि उठायला लागलो.

"थांबलात कित्या?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "सांगा फुडे. बरी निज लागलेली."

तेव्हापासून दर रविवारी मी तुयेला जातो. सासूबाई अजून तिथेच आहेत. तिथे त्यांच्या शेजारी बायका येतात, सुपारी संपते. मी नियम सांगतो, त्या झोपतात. चार रविवार झाले तरी मी माफीपर्यंत पोचलो नव्हतो. सुविधा वैतागून म्हणाली, "अहो, पयली माफी मागा, मगे कायदो सांगा." म्हणून गेल्या रविवारी मी मन घट्ट केलं. पार्श्वभूमी नाही, संदर्भ नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं. सगळं माझंच चुकलं."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "सोनाली, अगो हयसर ये," त्यांनी हाक मारली. "जावयबापूंका बरा दिसना नाय."

सोमवारी सकाळीच सोनालीचा फोन आला. "भावोजी, आई थेंब घेवन पण रातभर टक्क जागी. जावयाक काय झाला, जावयाक काय झाला, ह्याच एक. फुडल्या आयतवारी येवा तुमी, पण माफी नको. कायदोच सांगा."